गणपतीला गाडीने गावी जाताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सात सीटर गाडी, सातही माणसं, वर कॅरियरवर सामान. कशेडी घाट उतरताना ब्रेकचा जळका वास येतो आणि पेडल मऊ लागतं. काहीजण न्यूट्रलमध्ये उतरायला सांगतात, पेट्रोल वाचतं म्हणे. (डोंबिवली)

न्यूट्रल अजिबात नको. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर इंजिनला जाणारं इंधन जवळजवळ बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यापुरतं लागतंच. बचत होत नाही, आणि इंजिन गाडीला रोखेनासं झाल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो.

वास येतो म्हणजे पॅड तापून पकड सुटायला लागली आहे. पेडल मऊ होणं त्याहून गंभीर. ब्रेक ऑइल उकळलं की त्यात बुडबुडे होतात आणि पाय दिल्यावर आधी ते बुडबुडेच दबतात, चाकापर्यंत जोर पोचत नाही. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून जुनं झालं की लवकर उकळतं. बदलून दोन वर्षं झाली असतील तर नुसतं वरून भरू नका, पूर्ण बदलून घ्या. पॅडही तपासून घ्या.

उतार सुरू होण्याआधीच गिअर खाली आणा. ज्या गिअरमध्ये घाट चढता आला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक गाडीत ‘एल’ (लो, म्हणजे खालचा गिअर) किंवा मॅन्युअल मोड वापरा. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. ठाम दाबा, वेग उतरवा, सोडा. तरीही वास आलाच तर वळण टाळून रुंद जागी थांबा. गाडीचं तोंड उताराकडे असेल तर हँडब्रेक ओढून रिव्हर्स गिअर टाका, चाकांपुढे दगड लावा आणि अर्धा तास तरी थांबा. ब्रेकच्या तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते किंवा तडकते.

टायरची हवा घरून निघताना, टायर थंड असतानाच बघा. ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकर असतो. त्यावर पूर्ण भरलेल्या गाडीचा आकडा बहुधा वेगळा दिलेला असतो, तोच धरा. जड बॅगा डिकीत तळाशी, हलकं सामान कॅरियरवर.

प्रश्न: ऑफिस सुटल्यावर जेवून रात्री ११ला निघालो तर ट्रॅफिक कमी लागेल ना? (ठाणे)

ट्रॅफिक कदाचित कमी लागेल, पण दिवसभर काम केलेल्या माणसाला रात्री २ ते ५ या वेळात झोप आवरत नाही. काच उघडून किंवा गाणी लावून ती जात नाही. मागचे दोन-तीन किलोमीटर आठवत नसतील किंवा गाडी पट्ट्यावर सरकत असेल, तर डुलकी सुरू झालेली आहे. गाडी पेट्रोल पंपावर किंवा धाब्यावर घ्या, कॉफी प्या आणि लगेच वीस मिनिटं झोपा. कॉफीचा परिणाम सुरू व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो. त्याहून बरं म्हणजे आठलाच झोपा आणि पहाटे साडेचार-पाचला निघा.

प्रश्न: जोराच्या पावसात चारही इंडिकेटर लावून चालवावं का? (पनवेल)

नाही. तुम्ही कुठे वळणार ते मागच्याला कळत नाही. लो बीम लावा आणि पुढच्या गाडीपासूनचं अंतर दुप्पट करा. चारही इंडिकेटर थांबलेल्या गाडीसाठी.

प्रश्न: पेणहून मूर्ती घेतो. आई ती पुढच्या सीटवर मांडीवर धरून बसते. चालेल का? (कल्याण)

कृपया नको. पुढे एअरबॅग उघडली तर ती मूर्तीसकट आईंच्या छातीवर येईल. मूर्ती खोक्यात ठेवून भोवती उशा दाटा आणि खोकं मागच्या सीटवर बेल्टने आवळा. आईंनी शेजारी बसावं, स्वतःचा बेल्ट लावून. मागच्या सीटवरही तो कायद्याने बंधनकारक आहे.