सी लिंकमागचा सूर्यास्त मोबाइल ॲपवर कसा ठरवावा?

तुम्ही विचारलंय की मुंबईच्या वांद्रे-वरळी सी लिंकच्या उंच मनोऱ्यामागे मावळणारा सूर्य टिपायचाय, तर मोबाइलवरच्या सूर्याच्या ॲप्सचा खरंच उपयोग होतो का, आणि फोटोपिल्ससारखं विकतचं ॲप घ्यावं का.

उपयोग होतो, भरपूर होतो. पण वेळेसाठी कमी आणि दिशेसाठी जास्त. सूर्यास्ताची वेळ काय, कॅलेंडरच्या पानावरही मिळते. मुंबईत सूर्य डिसेंबरच्या शेवटी (उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजलं तर) २४५ अंशांवर, म्हणजे नैर्ऋत्येकडे झुकून मावळतो आणि जूनच्या शेवटी २९५ अंशांवर, वायव्येकडे. वर्षभरात ५० अंशांची ये-जा. म्हणून चर्चगेटसमोर मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसलात तर डिसेंबरात सूर्य थेट समुद्रात बुडताना दिसतो आणि मेअखेरीला तोच मलबार हिलच्या आड जातो. जागा तीच ठेवून महिना बदलला तर फोटोच बदलतो.

आता तुमचा सी लिंक. ॲपमध्ये (सनकॅल्क ब्राउझरमध्ये फुकट चालतं, तेही पुरेसं आहे) नकाशावरची खूण आधी स्वतःच्या उभं राहण्याच्या जागेवर ठेवू नका, वांद्र्याकडच्या मनोऱ्यावर ठेवा. सूर्यास्ताची रेघ समुद्राकडे जाईल. तीच रेघ मनाने उलटी, किनाऱ्याकडे ओढा. ती वाळूला जिथे टेकेल, तिथे तुम्ही उभं राहायचं. मार्चमध्ये, दिवस-रात्र समान होतात त्या सुमाराला, ही जागा साधारण माहीमच्या किनाऱ्यावर येते. पुढे सूर्य उत्तरेकडे सरकतो तसं तुम्हाला दक्षिणेकडे, शिवाजी पार्कच्या बाजूला सरकावं लागतं.

बहुतेकांची गडबड होते ती यापुढे. ॲपवरची रेघ असते सूर्य क्षितिजाआड जातो त्या क्षणाची. तुम्हाला मात्र तो मनोऱ्याच्या टोकाशी हवाय. मनोरा सव्वाशे मीटरांच्या वर आहे. दोन किलोमीटरवरून पाहिलं तर त्याचं टोक क्षितिजापासून साडेतीन अंशांच्या आसपास वर दिसतं. तिथे सूर्य सूर्यास्ताच्या जवळपास पंधरा मिनिटं आधी असतो. शिवाय आपल्या अक्षांशावर तो सरळ खाली उतरत नाही, उजवीकडे तिरका उतरतो. त्यामुळे टोकाशी असताना तो मावळण्याच्या जागेपेक्षा सव्वा अंश डावीकडे असतो. दोन किलोमीटरवर सव्वा अंश म्हणजे चाळीसेक मीटर झाले. तेव्हा ॲपमधली वेळेची पट्टी सूर्यास्तावर न ठेवता पंधरा मिनिटं मागे ओढा आणि त्या वेळची रेघ धरून जागा ठरवा. सूर्याचं बिंब आकाशात फक्त अर्ध्या अंशाचं, म्हणजे त्या अंतरावर सतरा-अठरा मीटर रुंदीचं. किनाऱ्यावर पंचवीस पावलं इकडची तिकडे केली की सूर्य मनोऱ्याच्या एका अंगाहून दुसऱ्या अंगाला जातो. हे एकदा स्वतः चालून बघाच, फार आनंद होतो.

टोकाशीच धरण्याचा मी आग्रह धरतो त्याला मुंबईची हवा कारण आहे. थंडीच्या दिवसांत धुरकं इतकं साचतं की सूर्य पाण्याला टेकण्याआधीच, क्षितिजाच्या बोटभर वर विरून जातो. ॲप त्याला शेवटपर्यंत हजर दाखवत राहतं. त्या दिवसांत निघण्यापूर्वी हवेची प्रत सांगणारं सफर किंवा समीर ॲप बघून घ्या.

ढगांचंही तसंच. लाल-केशरी रंग चढतो तो उंचावरच्या विरळ, पिंजारलेल्या ढगांवर, आणि तोही त्यांना खालून प्रकाश मिळाला तरच. तो प्रकाश येतो पश्चिमेच्या क्षितिजावरून. म्हणून डोक्यावरचं आकाश बघून ठरवू नका. दुपारी चारच्या सुमाराला हवामान खात्याचं उपग्रहचित्र उघडा आणि अरबी समुद्रावर, किनाऱ्यापासून शंभर-दोनशे किलोमीटर आत काय आहे ते बघा. तिथे जाड ढगांची भिंत असेल तर दादरला कितीही सुंदर ढग असोत, रंग येत नाही. विंडी या हवामानाच्या ॲपमध्ये खालचे, मधले आणि वरचे ढग वेगवेगळे दिसतात, ते इथे कामी येतं. पाऊस सरल्यावरचा ऑक्टोबर मला यासाठी सगळ्यांत आवडतो, हवा धुतलेली असते. मात्र तेव्हा सूर्य दक्षिणेकडे गेलेला असतो, जागा नव्याने काढावी लागेल.

भरती-ओहोटी विसरू नका. ओल्या वाळूतलं प्रतिबिंब हवं असेल तर ओहोटी लागते. कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब अजून चालतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमाराला भरती, म्हणजे संध्याकाळी किनारा पाण्याखाली. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे सूर्यास्ताला चांगली ओहोटी, आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणी बरंच मागे गेलेलं. खडकांवर उतरणार असाल तर वेळ भरतीच्या तक्त्यातूनच पक्की करा.

आणखी दोन गोष्टी पटकन. कॅमेऱ्यातून आकाशावर सूर्याची वाट दाखवणारी सोय देखणी आहे, पण ती फोनच्या होकायंत्रावर चालते. लोखंडी कठडा किंवा उभ्या गाड्या जवळ असल्या की ती सहज काही अंश चुकते, आणि इथे तर अर्ध्या अंशाचा खेळ आहे. नकाशावरची रेघच खरी माना. दुसरं म्हणजे मोठी लेन्स लावून डीएसएलआरच्या काचेतून सूर्याकडे थेट बघू नका, स्क्रीनवर बघा.

विकत घेण्याबद्दल म्हणाल तर सी लिंकसाठी गरज नाही. सनकॅल्क, गूगल अर्थ आणि भरतीचा तक्ता एवढ्यात काम होतं. पुढे चंद्राच्या मागे लागलात की फोटोपिल्स जरूर घ्या. चंद्र रोज जवळपास पाऊण तास उशिरा उगवतो, त्याची दिशा सूर्यापेक्षा कितीतरी भराभर बदलते, आणि गेटवेच्या कमानीत पौर्णिमेचा चंद्र बसवायचा तर अमुक उंचीवर, अमुक दिशेला तो कोणत्या तारखांना येईल हे शोधून देणारं साधन हाताशी हवंच.