वयाचा रकाना

प्रिय बाय,

तुझे चारही लेख वाचले. गायिका केसरबाई केरकर, गायक-नट दीनानाथ मंगेशकर, संमोहनविद्येचा पाद्री आबे फारिया आणि गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर. नावं झाकली तर कुठला लेख कोणाचा ते ओळखता येत नाही. चौघांचं बालपण खडतर, चौघांची जिद्द अपार, चौघांनी गोमंतकाचं नाव सातासमुद्रापार नेलं. सोबतच्या चिठ्ठीत मात्र तू विचारलंस, ‘एका पुस्तकात एक, दुसऱ्यात भलतंच, खरं कुठलं धरू?’ हा प्रश्न चारही लेखांहून चांगला आहे, म्हणून हे पत्र.

स्मरणिका छापायला जाईपर्यंत एकच कर. वय लिही.

मोठी वही घे, चार रकाने आख: तारीख, वय, गाव, कोणी सांगितलं. एका ओळीत एकच घटना. वीस-पंचवीस ओळी झाल्याशिवाय लेखाला हात लावायचा नाही. आणि नुसतं सालातून साल वजा करू नकोस. दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० चा, निधन २४ एप्रिल १९४२ चं. तू ‘४२ वर्षांचे’ लिहिलंस. ते पूर्ण ४१ वर्षांचे होते. ‘४२ व्या वर्षी’ लिहिलं असतंस तर बरोबर ठरलं असतं. त्या दिवशी लता १२ वर्षांची होती, १३ नव्हे. आता १९१८ ची ओळ बघ. तुझ्या लेखात ‘पुढे त्यांनी बळवंत संगीत मंडळी स्थापन केली’ एवढंच आहे. वयाच्या रकान्यात १७ येतात! सतरा वर्षांचा मुलगा भागीदारीत नाटक कंपनी काढतो, आणि तुझ्याकडे त्याला ‘पुढे’ हा एक शब्द?

केसरबाईंचं तसंच. ‘लहानपणापासून अल्लादियाखाँसाहेबांच्या चरणी’ असं तू लिहिलंस. जन्म केरीचा, १३ जुलै १८९२. खाँसाहेबांची तालीम सुरू झाली १९२१ मध्ये, म्हणजे बाई अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांच्या आणि खाँसाहेब पासष्टीला आलेले. आधी अब्दुल करीमखाँ, मग वाझेबुवा असं शिकून झालेली बाई त्या वयात पुन्हा पहिल्यापासून तालमीला बसते. ‘लहानपणापासून’ लिहून तू तिची खरी हिंमतच पुसून टाकलीस. भक्तिभावाने केलेली चूकही चूकच असते, बाय. शेवटी तर कहर केलास: आपली भैरवी अंतराळात गेल्याचं ऐकून बाई कृतार्थ झाल्या म्हणे. त्या भैरवीची तबकडी घेऊन व्हॉयेजर-२ हे यान आधी, २० ऑगस्ट १९७७ ला सुटलं, व्हॉयेजर-१ नंतर, ५ सप्टेंबरला. बाई गेल्या १६ सप्टेंबरला. मधे अकरा दिवस, वय ८५. कृतार्थ झाल्याचं तुला कोणी सांगितलं? चौथा रकाना रिकामा आहे. मग ते वाक्य काढ.

फारियाची गोष्ट सगळ्यांना पाठ. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभा राहिलेला घाबरागुबरा पोरगा, आणि बाप कोकणीत पुटपुटतो, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी,’ म्हणजे समोरची माणसं नुसती भाजी समज, घाबरू नकोस. आता वय लिही. कांदोळीत जन्म १७५६ चा, वडिलांबरोबर गोवा सोडला १७७१ मध्ये. राणी मारिया गादीवर आली १७७७ ला. तोवर हा रोमला शिकत होता, आणि पाद्री झाला १७८० मध्ये. राणी खरी धरली तर पोरगा उरत नाही, आणि पोरगा धरला तर राणी उरत नाही. तरी ही गोष्ट टाकू नकोस. ‘अशी सांगतात’ म्हणून लिही आणि शेजारी वय मांड. पणजीतल्या त्या पुतळ्याखाली उभं राहून लोक ती का सांगत राहतात, हा वेगळा लेख होईल.

भाऊसाहेबांवर तू ‘जनतेने सदैव डोक्यावर घेतलं’ असं लिहून सुटलीस. मुख्यमंत्री झाले २० डिसेंबर १९६३ ला, ५२ व्या वर्षात नव्हे, पूर्ण ५२ चे. गेले १२ ऑगस्ट १९७३ ला, पदावर असताना, ६२ चे. मधली ५५ ची ओळ कुठे आहे? १६ जानेवारी १९६७, जनमत कौल. त्यांच्या पक्षाने महाराष्ट्रात विलीनीकरण मागितलं आणि लोकांनी नाकारलं. त्याच वर्षी त्याच लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. आपल्या घरांत हा विषय अजून बोचतो, म्हणून गाळलास ना? बोचलं तरी लिहायचं.

गावोगाव फिरशील तेव्हा म्हाताऱ्यांना साल विचारू नकोस, अंदाजाने ठोकून देतात. गोवा मुक्तीआधी की नंतर ते विचार. तेव्हा तुम्ही पोर्तुगीज शाळेच्या सेगुंद ग्रावात, म्हणजे प्राथमिकच्या दुसऱ्या टप्प्यात, होता का? हातात रुपया होता की पोर्तुगीज एस्कुद? एस्कुद म्हणाले तर १९५९ ते ६१ या तीन वर्षांतच ती आठवण बसवावी लागेल. पत्रिकेत शक असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळव. जानेवारी ते गुढीपाडव्याच्या मधला जन्म असेल तर ७९. चुकतात ते इथेच. पोर्तुगीज दप्तरात महिन्याच्या जागी ७ चा आकडा आणि पुढे ‘ब्रो’ दिसलं तर तो सेतेंब्रू, जुलै नव्हे. गावाचा रकानाही आळसाने भरू नकोस. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी आज साळावली धरणाच्या पाण्याखाली असतं, मे महिन्यात वर येतं.

माझे लेख कोरडे म्हणतात लोक. म्हणोत. विशेषणं शोधण्यात माझी जी वर्षं गेली, त्यांचा हिशेब अजून लागत नाही. तुझी जाऊ नयेत म्हणून हा त्रागा.

रविवारी ये, पण लेख आणू नकोस. वही आण. आणि ज्या वर्षांपुढे काहीच सापडलं नाही त्या ओळी कोऱ्याच ठेव, आपण आधी त्याच बघू.

— मास्तर