ताई, अजून थोडा थांबू का?

न्यू जर्सीत पहिलं घर घेणारी मराठी जोडपी माझ्याकडे येतात, तेव्हा गृहकर्जाचा व्याजदर कधी लॉक करायचा, म्हणजे ठरावीक दिवसांसाठी बँकेकडून पक्का करून घ्यायचा, हा प्रश्न ठरलेला असतो. दर उतरेल या आशेवर थांबायचं, की आजचा पदरात पाडून घ्यायचा?

हे दोघं आले ते 5 ऑक्टोबर 2024 ला, शनिवारी. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) कर्ज पाच लाख डॉलर, तीस वर्षांचं, दर फिक्स्ड. क्लोजिंग, म्हणजे घर नावावर होण्याचा व्यवहार, 15 नोव्हेंबरला. नवऱ्याच्या फोनवर दरांचं ॲप उघडंच होतं आणि बोलता बोलता तो अंगठ्याने ते रिफ्रेश करत होता. सप्टेंबरच्या शेवटी त्यांना 6.125 टक्के मिळत होते. "फेडने 18 सप्टेंबरला दर अर्धा टक्का कापलाय, अजून कापणार म्हणतात. मग घाई कशाला?" असं म्हणून तो थांबला होता. (फेड म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक, आपल्या रिझर्व्ह बँकेसारखी.) आदल्याच दिवशी, शुक्रवारी, रोजगाराचे आकडे आले. सप्टेंबरमध्ये 2,54,000 नव्या नोकऱ्या, म्हणजे अंदाजापेक्षा बऱ्याच जास्त. शनिवारी त्यांच्या हातात 6.375 टक्के दराचा कोट होता.

नेमकं इथेच आपली माणसं चुकतात. भारतात रेपो दर उतरला की आज ना उद्या आपला हप्ता उतरतो, ही सवय अंगात भिनलेली असते. इथे तीस वर्षांच्या कर्जाचा दर फेडच्या मागे चालत नाही, दहा वर्षांच्या सरकारी रोख्यांच्या मागे चालतो. आणि फेड कपात करणार हे रोखेबाजाराने आधीच धरलेलं असतं. नोकऱ्यांचे आकडे जोरदार आले की कपात कमी होईल असं बाजाराला वाटतं, आणि दर चढतो.

मी लोन एस्टिमेटचं, म्हणजे बँकेने दिलेल्या कर्जाच्या अंदाजपत्रकाचं, पहिलं पान पुढे ओढलं. वर उजवीकडे रेट लॉकची ओळ असते, तिथे 'नाही' वर खूण होती. दोघांनीही ती पाहिली नव्हती! मग हिशेब मांडला. पाव टक्क्याने हप्ता 3,038 वरून 3,119 झाला होता, महिन्याला 81 डॉलरचा फरक. "अजून पाव टक्का चढला तर झेपेल?" बायकोने मान हलवली. नाही. मग थांबणं म्हणजे जुगारच की. सोमवारी लॉक करायचं ठरलं.

किती दिवसांसाठी? मी 45 म्हटलं, 21 नोव्हेंबरपर्यंत. सहा दिवस हातचे राहत होते. साठ दिवसांना त्यांची बँक कर्जाच्या अष्टमांश टक्का, म्हणजे 625 डॉलर, जादा मागत होती. तेव्हा बायको म्हणाली, "ताई, टाउनचं इन्स्पेक्शन अजून व्हायचंय. विकणाऱ्याने बेसमेंट विनापरवाना केलंय म्हणे." टाउन म्हणजे इथली नगरपालिका. नवरा कुरकुरला, पण तिने साठच घेतले.

लॉकनंतर दर उतरला तर, हेही त्याने विचारलंच. त्यांच्या लॉकमध्ये फ्लोट-डाउनची, म्हणजे दर उतरला तर उतरलेला दर मिळण्याची, सोय नव्हती. ती पैसे भरून घ्यावी लागली असती. मी म्हटलं, दर खूपच पडले तर पुढे रिफायनान्स करता येईल, म्हणजे नव्या दराने कर्ज बदलून घेता येईल, मात्र त्याचा खर्च पुन्हा अंगावर येतो.

ऑक्टोबरअखेर तीस वर्षांच्या दराची सरासरी 6.72 वर गेली होती; ती फ्रेडी मॅक ही गृहकर्जं विकत घेणारी संस्था काढते. इन्स्पेक्शन रखडलं आणि क्लोजिंग झालं 26 नोव्हेंबरला. माझ्या 45 दिवसांत ते बसलं नसतं. लॉक वाढवायची फी भरावी लागली असती. तेव्हापासून लॉकचे दिवस सांगण्याआधी मी टाउनच्या परवान्यांचं विचारते.