औषधाचं नाव विचारलं म्हणून

पत्र थोडक्यात असं: "मुलगा चार वर्षांचा. बारा दिवस खोकतोय, रात्री धाप लागते. गावातले डॉक्टर दोन मिनिटं बघतात, सुई टोचतात, पुडीत गोळ्या बांधून देतात. परवा औषधाचं नाव विचारलं, तर सगळ्यांसमोर म्हणाले, 'डॉक्टर मी की तुम्ही?' मिरजेला नेऊ म्हटलं, तर सासूबाई म्हणतात, मामंजींना अटॅक आला तेव्हा हेच रात्री दोनला धावून आले होते, त्यांना काय वाटेल? माझंच चुकतंय का?"
– एक आई, तासगाव तालुका

नाही गं, तुझं काही चुकलेलं नाही. आधी पोराचं बघू, मानापमानाचं नंतर.

आज तो झोपला की सदरा वर कर आणि मोबाइलवर वेळ लावून पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोज. या वयात मिनिटाला 40 किंवा त्याहून जास्त भरले, तर तो जलद श्वास. मग डॉक्टरांना दाखवायला उद्यावर ढकलू नकोस. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय, ओठ निळसर दिसतायत, पाणीही पीत नाही, हाका मारूनही नीट जागा होत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी तशीच ऊठ. 108 ला फोन कर, गाडी फुकट येते. सांगलीचं सिव्हिल रात्रीही उघडं असतं.

यातलं काही नसलं तरी बारा दिवसांचा खोकला आणि रात्रीची धाप बालरोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवी. ते पहिलं विचारतील, "आधी काय दिलंय?" म्हणून उरलेल्या गोळ्या पुडीसकट ने. औषधाचं नाव विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. औषध वाचता येईल अशा अक्षरात लिहावं, हे 2016 पासून डॉक्टरांच्या नियमांतच आहे. त्यांनी तुला चारचौघांत तसं बोलायला नको होतं. मला वाचतानाही लागलं ते.

सासूबाईंशी मात्र भांडू नकोस. रात्री दोनला धावून आलेला माणूस त्या कशा विसरतील? त्यांना म्हण, "डॉक्टर सोडत नाही, आत्या, फक्त पोराची छाती तपासून आणते." जमलं तर त्यांनाही गाडीत घे. नातवाची धाप त्यांनीही ऐकली असेलच की.

श्वास किती भरले आणि मिरजेत काय सांगितलं, ते मला नक्की कळव.