रोल-प्लेइंग गेममध्ये लेव्हल वाढवण्याची पद्धत हवीच का?

आपण विचारले आहे की, रोल-प्लेइंग गेममधील, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या खेळातील, लेव्हल (पात्राच्या प्रगतीची पायरी) आणि कौशल्यांचे आकडे ही खेळाची खरी गरज आहे, की खेळाडूला जास्त तास अडकवून ठेवण्याची ती नुसती युक्ती आहे. मी सांगलीत नोकरी सांभाळून रात्री खेळतो, त्यामुळे वेळेची चणचण मलाही आहे. तरीही आकडे हवेतच असे माझे मत आहे, मात्र त्या आकड्यांनी आपल्या पात्राला कुठेतरी अडवले पाहिजे. जे आकडे फक्त वाढत जातात आणि कशालाच नकार देत नाहीत, ते असून नसून सारखेच.

ही पद्धत रुजली १९७४ च्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या कागद, पेन्सिल आणि फाशांनी खेळायच्या खेळातून. तिथे खेळ चालवणारा माणूस समोर बसलेला असतो आणि फासा वाईट पडला तरी गोष्ट पुढे कशी न्यायची हे तो तिथल्या तिथे ठरवतो. संगणकावर फासे आले, तो माणूस आला नाही.

१९९७ च्या ‘फॉलआउट’ने ही उणीव लेखनाने भरून काढली. बुद्धिमत्ता १० पैकी ३ किंवा त्याहून कमी ठेवून पात्र बनवले, तर त्याला धड वाक्यही बोलता येत नाही आणि समोरची माणसे त्याच्याशी तशीच वागतात. एक आकडा खाली ठेवल्याने सगळ्या संवादांचा रंग बदलतो.

याच्या उलट २००६ चा ‘ऑब्लिव्हियन’. त्याचे जग देखणे आहे आणि त्यातील मारेकऱ्यांच्या गुप्त संघटनेची कथा मला आजही आवडते, पण तिथे खेळाडूबरोबर शत्रूंचीही लेव्हल चढते आणि पुढे पुढे रस्त्यावरचे साधे लुटारूसुद्धा महागडी चिलखते घालून वाट अडवतात. तालमीत वर्षभर घाम गाळून मैदानात उतरावे आणि समोरचा मल्लही नेमका तेवढाच तयार होऊन यावा, तसा हा प्रकार आहे. त्यातही बोलणे आणि व्यापार अशी कौशल्ये प्रमुख म्हणून निवडली, तर त्यांच्या वाढीने लेव्हल चढते, शत्रू बळकट होतात, आणि आपला तलवारीचा हात मात्र होता तसाच राहतो. म्हणजे ज्याने मनापासून व्यापाऱ्याची भूमिका निभावली, त्यालाच शिक्षा.

सेव्ह करण्याची सोय या प्रश्नापासून वेगळी काढता येत नाही. वळवाच्या दिवसांत आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून ठरावीक ठिकाणीच सेव्ह होणारा गेम मी उन्हाळ्यात सुरूच करत नाही. पण कुठेही सेव्ह करता आले की फाशाची भीती संपते. २००८ च्या ‘फॉलआउट ३’ मध्ये समोरच्याला पटवण्याच्या पर्यायापुढे यशाची टक्केवारी दिसते, आणि मनासारखा निकाल येईपर्यंत पुन्हा लोड करत राहता येते. त्याच मालिकेतील २०१० च्या ‘न्यू वेगस’ने टक्केवारी काढून सरळ किमान आकडा लावला, तेवढे कौशल्य असेल तर बोलणे पटते, नसेल तर कितीही वेळा लोड केले तरी उत्तर तेच. २०१९ च्या ‘डिस्को एलिझियम’ने तिसरी वाट काढली. त्यात फासे आहेत, काही प्रसंगी ते एकदाच टाकता येतात, पण अपयशानंतरचा प्रसंग बहुधा इतका मजेदार लिहिलेला असतो की मागे जावेसे वाटत नाही. शिवाय त्यातील २४ कौशल्ये नायकाच्या डोक्यात बोलत असतात आणि एखादे फार वाढवले तर ते भलताच सल्लाही देते, हे मला विशेष आवडते.

केवळ लेव्हलसाठी तेच तेच शत्रू मारत बसावे लागत असेल, तर तो गेम निःसंकोच सोडावा.

आपल्याला वेळ कमी असेल तर ‘न्यू वेगस’पासून सुरुवात करावी. त्यात गुडस्प्रिंग्ज या पहिल्याच वस्तीला गुंडांपासून वाचवण्याचे काम मिळते: स्फोटकांचे कौशल्य २५ असेल तर एक म्हातारा डायनामाइट काढून देतो, व्यापाराचे तेवढे असेल तर दुकानदार मदतीला तयार होतो, वैद्यकाचे असेल तर डॉक्टर औषधे देतो. ही सगळी कौशल्ये सुरुवातीलाच हाताशी असणे कठीण, त्यामुळे आपण कोण आहोत हे पहिल्या तासाभरातच ठरवावे लागते.