कुडाळच्या ताईंना: ऑनलाईन एमबीएचा तो फोन

ताई, पतसंस्थेत बारा वर्षं झाली, शाखाधिकारीपदासाठी एमबीए हवंय आणि ऑनलाईन प्रवेश करून देणाऱ्या कंपनीचा काउन्सिलर म्हणतो आज रात्री १२ पर्यंतच फीत सवलत, हे तुमचं वाचलं आणि पोटात गोळा आला. २०२२ च्या जुलैत मला असाच फोन आला होता.

मी कोकणातल्याच लोटे एमआयडीसीत डिस्पॅच सांभाळते. वरची जागा एमबीए झालेल्या ज्युनिअरला गेली. शिकायला घाट चढून कोल्हापूरला जायचं तर नोकरी सुटते, मुंबईत राहायचं तर घरचं कोण बघणार? आपल्यासारख्या बायका ऑनलाईनकडे वळतात त्या यासाठीच, त्यात चुकीचं काही नाही. पण फोनवरचा माणूस पहिल्या पाच मिनिटांत हे सगळं आपल्याकडून काढून घेतो आणि मग तेच आपल्याला ऐकवतो. "मॅडम, ज्युनिअर पुढे गेला ना?" हे मीच त्याला आधी सांगून बसले होते.

रात्रीचे साडेनऊ, पाऊस धो धो, लाईट गेलेली. "हप्त्यांची सोय करून देतो, फक्त ओटीपी सांगा." सांगितला. ते हप्ते फीचे नव्हतेच, एका फायनान्स कंपनीचं माझ्या नावावरचं कर्ज होतं. विद्यापीठाला फी त्याच आठवड्यात पोचली. दोन महिन्यांत सासूबाईंचं ऑपरेशन निघालं, प्रवेश रद्द करायला गेले. विद्यापीठ म्हणे काउन्सिलरच्या कंपनीला विचारा, ती कंपनी म्हणे फायनान्सला, फायनान्सवाले म्हणत हप्ता चुकला तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, बिघडेल. अकरा मेल केले. प्रत्येक मेलला तक्रार क्रमांक आला, उत्तर एकालाही नाही. चोवीसच्या चोवीस हप्ते भरले, ताई. आजही लिहिताना हात थरथरतो.

मी कायद्यातली जाणकार नाही, पण एवढं नक्की करा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) डीईबी, म्हणजे दूरशिक्षण विभागाच्या, पोर्टलवर विद्यापीठाचं नुसतं नाव बघू नका. याच सत्राला, याच अभ्यासक्रमाला, ऑनलाईन पद्धतीची मान्यता आहे का ते बघा. अशा प्रवेशासाठी विद्यार्थ्याचा स्वतःचा डीईबी आयडी २०२४ पासून लागतो, तो स्वतः काढा, काउन्सिलरच्या हाती देऊ नका. मान्यताप्राप्त ऑनलाईन पदवी नेहमीच्या पदवीच्या तोडीची, असं यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. तरी बढती द्यायची ती तुमच्या संस्थेला. ही पदवी चालेल का, हे व्यवस्थापकांकडून लेखी घ्या. माझ्या मते हे आधी, फीचं नंतर. आणि राउटरला छोटा बॅटरी बॅकअप घ्याच, जूनमध्ये आपल्याकडे लाईटचा काही भरवसा नसतो.

मी पुढे इग्नू या मुक्त विद्यापीठातून नव्याने सुरुवात केली, फी सत्रागणिक स्वतः भरत. त्या पहिल्या फोनच्या वेळी मला नको नको म्हणणाऱ्या माझ्या भावजयीलाही तोच फोन आला होता. तिने नाही म्हटलं. "आज शेवटचा दिवस" असलेली ती सवलत तिला दिवाळीपर्यंत मिळत होती.