मागे वळलेल्या पंखावरच्या रेघा

प्रश्न: विंड टनेलमध्ये (हवेच्या झोतात मॉडेल तपासायचा बोगदा) ४५ अंश मागे वळवलेल्या विमानाच्या पंखावर नॅफ्थॅलीन (हवेत हळूहळू उडून जाणारा पांढरा घन पदार्थ) फवारलं. समांतर रेघा उमटल्या आणि पुढे करवतीच्या दातांसारखी कड. फवारणी चुकली का?

उत्तर: फवारणी ठीक आहे. अशा रेघा संशोधक ग्रे यांनी इंग्लंडमध्ये १९५२ सालीच नोंदवल्या होत्या. पुढच्या कडेजवळ दाब झपाट्याने उतरतो. पृष्ठभागालगतच्या पातळ थरातली मंद हवा त्या ओढीने आडवी सरकते. हा आडवा वेग पृष्ठभागावर शून्य, थराच्या वरच्या टोकाला शून्य, मधे जास्त. असा प्रवाह अस्थिर असतो आणि त्यात भोवऱ्यांची रांग धरते; रेघा त्यांच्याच. भोवरे मोडून प्रवाह खवळतो तिथे नॅफ्थॅलीन लवकर उडतं, म्हणून ते दात.

रेघा हलत नाहीत, कारण त्यांचं मूळ पुढच्या कडेवरच्या सूक्ष्म खडबडीतपणात असतं. खवळणं लांबवायचं असेल तर आधी तीच कड आरशासारखी घासा. इथे काही मायक्रॉनही महागात पडतात. संशोधक सॅरिक यांच्या ॲरिझोनातल्या प्रयोगांत सर्वाधिक वाढणाऱ्या भोवऱ्यांमधलं अंतर १२ मिलिमीटर होतं. तिथे ६ मायक्रॉन उंचीचे ठिपके पुढच्या कडेजवळ दर ८ मिलिमीटरवर चिकटवले, तेव्हा १२ चे भोवरे दबले आणि खवळणं मागे ढकललं गेलं. सुंदर युक्ती! पण ८ हा आकडा उचलू नका, आपल्या पंखासाठी गणित करा. रेघा पुसट असतील तर टनेलची हवाच अशांत आहे का, तपासा.